सभागृहाच्या भिंतीवरची नावं

सभागृह बांधताना सगळ्यात कठीण काय असतं, असं मला कोणी विचारलं तर मी एकच उत्तर देते. देणगीदार. पाया नाही, छत नाही, परवानग्या तर नाहीतच. देणगीदार, आणि त्यांचे स्वर्गवासी आजोबा.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगावच्या बाजूचं, जुनं. मोठा तलाव, त्याच्या पाळीवर पडकी गढी, आणि दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्या जत्रेत, नाटक लागलं की दहा गावची माणसं जमणार. नाटकाइतकंच नाटकातल्या गाण्याचं वेड. म्हणून चार मोठ्या लोकांनी समिती केली आणि ठरवलं, की आता गावाला आधुनिक संगीत सभागृह पाहिजे. आराखडा काढायला मला बोलावलं, कारण मी नागपूरला आर्किटेक्ट असले तरी गावचीच पोरगी, आणि गावच्या पोरीला नाही म्हणता येत नाही.

मी जीव ओतला हो त्यात. माझी एकच अट होती: रंगमंचावरचा माणूस माईक न घेता गायला, तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न् शब्द कळला पाहिजे. त्यासाठी दोन्ही भिंतींवर कमी-जास्त जाडीच्या लाकडी पट्ट्या बसवल्या. आवाज गुळगुळीत दगडावर आपटला की उलटा फिरतो आणि पुढच्या शब्दात घुसतो. लाकडानं तो विखुरतो. हे मी समितीला इतक्यांदा सांगितलं की माझंच तोंड दुखलं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

मग एक दिवस नागपूरहून आले आणि बघते तर काय! मिस्त्री माझ्या पट्ट्या उपसून तिथं संगमरवराच्या पाट्या बसवतोय. 'अमक्याच्या स्मरणार्थ', 'तमक्याच्या स्मृतीस सप्रेम'. चकचकीत, सोनेरी अक्षरांच्या. मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं, पंगतीच्या गंज-पातेल्यावर असतं, मसणातल्या बाकावर असतं. ते सभागृहात घुसणार नाही, असं मला कशावरून वाटलं होतं, देव जाणे.

आणि त्या पाट्यांत उजवीकडून पहिली पाटी माझ्या बाबांची होती.

आईनं करून घेतली होती. मला न विचारता.

"तुले सांगतलं असतं तं तू नाही म्हणली असती," ती म्हणाली.

"अगं पण आवाज खराब होतो!"

"एका पाटीनं होते का? बाकीच्यायच्या काढ. तुया बाबाची राहू दे."

बाबा आमच्या नाटक मंडळीत पेटी वाजवायचे. सगळी उमर. आमच्याकडे पेटीवाला रंगमंचावर बसत नाही, रंगमंचाच्या पुढं खड्ड्यात बसतो. लोकांना त्याचं डोकं तेवढं दिसतं. नाटकाच्या पत्रकावर नायकाचं नाव, नायिकेचं नाव, पडदेवाल्याचं नाव. बाबांचं एकदाही नाही. आईला ते कायम सलत होतं. बाबा गेल्यावर तिला एवढंच पाहिजे होतं, की जिथं गाणं वाजेल तिथं त्यांचं नाव असावं. मला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणून तर जास्त चीड येत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

समितीचे अध्यक्ष राइस मिलवाले. त्यांना म्हटलं, पाट्या बाहेर व्हरांड्यात लावा. ते म्हणाले, "मॅडम, बाहर कौन पढेगा? अंदर आदमी तीन घंटे बैठता है. गाना सुनते सुनते पढेगा."

"पण गाणंच ऐकू येणार नाही!"

"तो बडा साउंड लगा देंगे ना. उसमें क्या है?"

मग मी घरोघरी फिरले. प्रत्येकानं चहा पाजला, प्रत्येकानं माझं म्हणणं पटल्याचं सांगितलं. पाट्या बाहेरच पाहिजेत, यावर गावात एकमत होतं. फक्त ज्याच्या घरी मी बसले असेन त्याच्या आजोबांची तेवढी आत राहावी. आणि उठता उठता हमखास एक वाक्य: "पहिले तुमच्या घरची काढा नं, मंग आमाले सांगा." पालथ्या घड्यावर पाणी! घरी येऊन आईशी भांडावं, तर ती तांदूळ निवडत बसायची आणि मान वर करायची नाही.

शेवटी मी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. आईलाही आणलं. मंडळीतल्या एका गायकाला उभं केलं, माईक नाही. तो गायला आणि नुसता गलका झाला, विहिरीत तोंड घालून ओरडल्यासारखा. अध्यक्ष शेवटच्या रांगेतून म्हणाले, "बराबर गा नहीं रहा ये." बिचारा गायक! मग मी मंडपवाल्याच्या गाद्या मागवल्या, सगळ्या पाट्यांवर टांगल्या आणि त्याला तेच गाणं पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी शब्द असे मोकळे आले की कोणी खोकलंसुद्धा नाही. अध्यक्षांनी खाली बघितलं. बाकीच्यांनी अध्यक्षांकडे बघितलं.

मी आईकडे बघितलं. ती उठली आणि म्हणाली, "काढ. तुया मनासारखं कर."

हे वाक्य कोणत्याही घरात आनंदानं म्हटलं जात नाही. पण मी ते होकार म्हणून घेतलं. पाट्या बाहेर व्हरांड्यात गेल्या, बाबांची सगळ्यात आधी, आणि आत माझ्या लाकडी पट्ट्या परत बसल्या.

उद्घाटनाला दुपार ते संध्याकाळ भाषणं झाली. शाली, श्रीफळं, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. मी दात-ओठ खात बसले होते. आणि मग एकदाचं गाणं सुरू झालं, नुसती पेटी आणि गळा. शेवटच्या रांगेत आईच्या शेजारी बसून मी एक एक शब्द ऐकला. असा आनंद मला आयुष्यात फार वेळा झालेला नाही, खोटं कशाला बोलू.

आणि आई उठून चालायला लागली. गाणं अर्ध्यावर, आणि ही बाहेर! चक्कर आली की राग आला, काही कळेना. मी मागोमाग गेले. माझ्या पाठीमागे दार लागलं.

ती व्हरांड्यात बाबांच्या पाटीसमोर उभी होती. पाटीवर हात ठेवून, कान भिंतीला लावून.

"अठी तं काहीच येत नाही वं," ती म्हणाली.

येणार कसं? शेजारी राइस मिल, पलीकडे रेल्वे. त्यांचा एक आवाज आत येऊ नये म्हणून मी भिंत दुहेरी केली होती, दारं जाडजूड बसवली होती. बाहेरचं आत येत नाही, म्हणजे आतलंही बाहेर जात नाही.

"नाही येत," मी म्हटलं.

"मले वाटलं, थोडं तरी येत असन."

मी मागे गेले आणि दार ढकलून धरलं. पेटीचा सूर आला, व्हरांड्यात, थेट त्या भिंतीपर्यंत. आईनं डोळे मिटले.

"दरवाजा बंद करो भाई!" आतून अध्यक्ष ओरडले. "बाहर का आवाज आता है! मॅडम ने सबको बताया है!"

आत माना वळल्या. गायक थांबला.

मी दार लावलं आणि आईजवळ बाहेरच उभी राहिले.