सहाचा आकडा आणि एक माफी

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरचा दुसरा उन्हाळा, अणुवीज केंद्रं बंद. वीज वाचवायची म्हणून कावासाकीतल्या आमच्या ऑफिसातल्या निम्म्या ट्यूबलाइट काढून ठेवल्या होत्या, एसी अठ्ठावीसवर. आणि एका सर्व्हरचा लोड दिवसभर सहा दिसत होता. किती कामं चालू आहेत किंवा अडून बसली आहेत, त्याचा आकडा म्हणजे लोड. त्या मशीनवर कोणी काहीच चालवत नव्हतं. आमच्या साहेबांना वाटलं, मशीन फुकट वीज खातंय.

वसंतात त्याला सहा नव्या डिस्क जोडल्या गेल्या, तेव्हापासूनच लोड चढला होता. त्या जोडल्या होत्या माझ्या शेजारी बसणाऱ्या पन्नाशीच्या एका जपानी बाईंनी. त्या कंत्राटी होत्या. दर तीन महिन्यांनी कंत्राट नवं व्हायचं. या खेपेला साहेब म्हणाले, आधी बिघाडाचा अहवाल बंद होऊ दे, मग बघू. अहवाल माझ्याकडे आला.

प्रोसेसर रिकामा होता. डिस्कवर वाचन नाही, लेखन नाही. शेवटी प्रोसेसच्या यादीत सापडलं: फाइलसिस्टिमचे सहा कर्नेल थ्रेड, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातले कामाचे धागे, दर डिस्कमागे एक, अशा झोपेत होते की त्यातून त्यांना उठवता येत नाही आणि मारताही येत नाही. एक डिस्क अनमाउंट केली, म्हणजे सिस्टिमपासून सोडवली. काही मिनिटांत लोड पाच. परत माउंट केली, सहा. थ्रेड फक्त कामाची वाट बघत होते. त्या कर्नेलमध्ये ते वाट बघणंही लोडमध्ये धरलं जायचं, एवढंच. वीज जात नव्हती. चूक कोणाचीच नव्हती.

मी चळवळीतल्या घरातली. पत्रकांच्या घड्या घालता घालता वाचायला शिकले. चुकीचा एक शब्द गेला म्हणून आईने अख्खा गठ्ठा रद्दीत घातलेला मी पाहिलाय. तेव्हा अहवालाच्या पहिल्याच ओळीत मी ठळक अक्षरात लिहिलं: ‘यात कोणाचाही दोष नाही.’

अहवाल परत आला. छापील नमुन्यात एक चौकट होती, ‘कोणाकडून काय करायचं राहिलं’. ती मी कोरी ठेवली होती. मी पुरावे वाढवले, आलेख जोडले. पुन्हा परत. तिसऱ्यांदा साहेबांनी मला बोलावून शांतपणे समजावलं की चौकट कोरी ठेवून वर पाठवता येत नाही. मी म्हटलं, कर्नेल लिहिणारे आपल्याकडे नोकरीला नाहीत. ते म्हणाले, म्हणूनच आपल्याकडचं कोणीतरी लिहा.

मी थेट वरच्या मजल्यावर, साहेबांच्या वरिष्ठांकडे जायला निघाले. बाईंनी जिन्यात गाठलं.

“माझ्यासाठी भांडताय ना?”

“हो.”

“मग नका भांडू. माफी मागितली की विषय मिटतो. चूकच नव्हती म्हटलं, तर साहेबांना वर जाऊन ते पटवावं लागेल. ते जायचे नाहीत. त्यापेक्षा मला घरी पाठवणं सोपं.”

“पण हे खोटं आहे. तुम्ही तेव्हाच लोड बघून मेल केला होता. माझ्याकडे आहे तो.”

“खोटंच आहे. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते, तुम्ही टाइप करा.”

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं: डिस्क जोडल्यावर लोड तपासायचा राहून गेला. माझं एक क्रियापद त्यांना पुरेसं नम्र वाटलं नाही, ते त्यांनी बदलून घेतलं. मग खाली सहीच्या जागी स्वतःच्या नावाचा शिक्का उमटवला. सरळ, जराही न हलता.

कंत्राट वाढलं. तीन महिने.

अहवालात ‘पुन्हा होऊ नये म्हणून उपाय’ अशीही चौकट होती. कर्नेल बदलायची परवानगी नव्हती. म्हणून ठरलं, अहवाल लिहिणाऱ्याने, म्हणजे मी, रोज सकाळ-संध्याकाळ लोड पाहून तक्त्यात नोंदवायचा. सकाळी आकडा सहा, संध्याकाळीही सहाच. पहिल्या आठवड्यात शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘हा आकडा निरुपद्रवी आहे.’ शुक्रवारी तक्ता परत आला, शेरा वगळून नव्याने उतरवा अशी चिठ्ठी लावून. बाई शेजारीच बसल्या होत्या, चिठ्ठी त्यांनीही वाचली. मी नवा कागद घेतला आणि सगळे सहा पुन्हा उतरवले.