दोन टिचक्यांमधली जागा

शर्टाच्या कॉलरमागे, मानेला टोचतं म्हणून आपण कात्रीने उडवतो ते इवलंसं लेबल, कुणीतरी आधी चौकोनांत मांडलेलं असतं. प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न: इथे धागा वर, की खाली? वर, खाली, खाली, वर. असं शेकडो वेळा ठरवल्यावर एक अक्षर उभं राहतं, आणि ते तांदळाच्या दाण्याएवढं असतं.

माझी मावशी आयुष्यभर हेच ठरवत आली.

लेबलं विणणाऱ्या कारखान्यात ती लागली तेव्हा चौकोनी रेघांचा कागद होता आणि टोक काढलेली पेन्सिल. पुढे कॉम्प्युटर आला. बाकीचे त्याच्यापासून चार हात लांब उभे राहिले. ही खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “यात खोडरबराचा कचरा पडत नाही, मला एवढं पुरे.” कारखान्यात तिला चौकटबाई म्हणत. लग्न केलं नाही. माझी आई, तिची धाकटी बहीण, त्यावरून टोचून बोलली की ही म्हणायची, “अगं, माझ्या सगळ्या चौकटी भरल्यात. तुझ्या भावोजींना बसवू कुठे?”

तिची खोली मागांच्या दालनाला लागून होती, मधे काच. माग चालू असले की जमीन बारीक थरथरायची, टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरायचं. थरथरत नसे ते फक्त तिचं बोट. लहानपणी मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून ते बोट बघत बसायचो. टिकटिक, चौकोन काळा. टिकटिक, चौकोन काळा. झाडाच्या खोडावर सुतारपक्षी बसलेला असावा तसं ते बोट माउसवर बसलेलं असायचं, आणि हळूहळू पडद्यावर शब्द उगवायचा.

“ऐक रे,” एक दिवस तिचा फोन आला, “माझा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. चौकोन भर म्हटलं की ऐकून न ऐकल्यासारखं करतो. दहादा सांगावं तेव्हा एकदा ऐकतो. अगदी तुझ्या आजोबांसारखा.”

“येतो. बघतो.”

“लवकर ये. मालक दारात येऊन उभे राहायला लागलेत.”

मालक वाईट नव्हते. पण नक्षी वेळेवर मिळाली नाही की माग रिकामे राहतात, आणि रिकामा माग मालकांना आजारी पोरासारखा दिसतो. पहिल्यांदा ते हसत म्हणाले होते, “काय बाई, नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना?” दुसऱ्यांदा हसले नव्हते. महिनाअखेरपर्यंत गाडी रुळावर आली नाही तर नक्षीचं काम बाहेर द्यायचं आणि ही खोली गोदामाला घ्यायची, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मावशीला त्या खोलीपलीकडे जग नव्हतं. घर होतं, पण तिथे ती फक्त झोपायला जायची.

कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. येणाऱ्यांतले निम्मे लोक एकच विचारतात: सेटिंग बदलून हा पळेल का? कुठेतरी काहीतरी वाचून आलेले असतात. सावल्या बंद करा, खिडक्यांची सरकण्याची हालचाल बंद करा, विजेची बचत काढून टाका, अमुक आकडा बदला की यंत्र उडेल. खरं उत्तर फारसं कुणाला आवडत नाही. सुरू होताना आपोआप जागे होणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले तर फरक पडतो. डिस्क गच्च भरली असेल तर ती मोकळी केल्याने पडतो. जुन्या यंत्रावरच्या सावल्या काढल्या तर जरा हलकं वाटतं. बाकी बरेचसे उपाय म्हणजे मनाची समजूत. सेटिंगमधून वेग ओतता येत नाही, वाटेतले दगड उचलता येतात. पुढे पायांत जेवढं बळ असेल तेवढंच यंत्र पळतं.

मावशीच्या कॉम्प्युटरच्या वाटेतले दगड मी उचलले. तसे थोडेच होते. मग तिची फाइल उघडून चौकोनांवर टिचक्या मारून पाहिल्या. सगळे पटापट भरले.

“झालं. बस आता.”

ती बसली. टिचक्या मारल्या. चौकोन नुसता निवडला गेला, भरला नाही. पुन्हा मारल्या. नाही.

“बघ! तुझ्यापुढे शहाण्या बाळासारखा, आणि माझ्यापुढे नाटकं.”

मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो, लहानपणी राहायचो तसा, आणि डोळे मिटले. मागांच्या खडखडाटातून तिचा माउस ऐकू आला.

टिक. टिक.

लहानपणी तो एकच आवाज होता. आता ते दोन आवाज होते, आणि मधे जागा होती.

दोन टिचक्या किती अंतराने आल्या तर त्यांना जोडी समजायचं, याची एक मुदत यंत्राला ठरवून दिलेली असते. मुदत टळली की त्या टिचक्या एकमेकींना ओळखत नाहीत. मावशीच्या प्रोग्रॅममध्ये एका टिचकीने चौकोन निवडला जायचा आणि जोडीने भरायचा. जोडी जमली नाही की चौकोन पांढराच राहायचा.

मी माउसचं सेटिंग उघडलं. तिथे एक आडवी पट्टी असते. एका टोकाला ‘सावकाश’, दुसऱ्या टोकाला ‘जलद’. पट्टीवरची खूण ‘जलद’च्या टोकाला, भिंतीला नाक लावल्यासारखी उभी होती.

“इथे कुणी हात लावला?”

मागांची देखभाल करणारा फिटर दारातून डोकावला. “मी. बाईंची तक्रार होती ना, म्हणून जिथे जिथे ‘जलद’ लिहिलेलं दिसलं तिथे तिथे नेऊन ठेवलं. कामाला आलं का?”

“आलं ना. थेट मुळावर आलं.”

त्याला समजावून सांगितलं. हा यंत्राचा वेग नव्हता, यंत्र तिच्या बोटाकडे मागत होतं तो वेग होता. फिटरने जीभ चावली. मावशी मात्र खुर्चीत मागे रेलून हसली, कितीतरी वेळ हसली. “म्हणजे माझं काहीच नव्हतं! या मेल्यानेच अंगण वाकडं करून ठेवलं होतं!”

मीही हसलो. खूण मधोमध आणून ठेवली, जिथे ती सगळ्यांची असते.

टिक. टिक. भरला.

टिक. टिक. नाही.

टिक. टिक. नाही.

हसू खोलीतच कुठेतरी सांडलं. “बोटं गार पडलीत आज,” ती म्हणाली, आणि तोंडावर पाणी मारायला उठून गेली.

मी तिच्या खुर्चीत बसलो. फिटरने खूण हलवली होती ती तक्रार ऐकून. म्हणजे तक्रार त्याच्या आधीची होती. हे इतकं सरळ होतं, आणि ते मनात उच्चारायलासुद्धा मी घाबरत होतो. मी खूण ‘सावकाश’कडे सरकवली. पट्टीशेजारी एका फोल्डरचं चित्र असतं, करून बघण्यासाठी. त्याच्यावर मी तिच्यासारखी, मधे जागा सोडून जोडी मारली. फोल्डर उघडलं.

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण त्या पट्टीकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. सगळे ज्याच्याकडे वेग मागतात त्या यंत्राच्या एका आडबाजूच्या खणात कुणीतरी ‘सावकाश’ हा शब्द ठेवून गेलं होतं. कोण असेल? लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कुणाचा हात असेल? कुठल्याशा खोलीत बसून त्याला दिसलं असेल की दुसऱ्या एका खोलीत, आपण कधीच जाणार नाही अशा खोलीत, एक बोट थकणार आहे. आणि त्या बोटासाठी त्याने यंत्राला श्वास धरून उभं राहायला शिकवलं. क्षणात लाखो आकडे दळणारं ते यंत्र, एका म्हाताऱ्या टिचकीसाठी दाराशी थांबतं. माझ्या अंगावर काटा आला. विहिरीत वाकून पाहिल्यावर खोल तळाशी आभाळ दिसतं, तेव्हा येतो तसा.

ती परत आली, बसली. टिक. टिक. भरला. टिक. टिक. भरला.

“पळायला लागला की रे!”

“साफ केला जरा,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळली.

नक्षी वेळेवर जायला लागली. महिना सरला, खोलीचं नाव कुणी काढलं नाही. मालक इतके खूश झाले की त्यांनी नवा कॉम्प्युटर आणला. “बाई, जुना एवढा पळतो, मग नवा काय करेल!”

जुन्यातलं काम नव्यात भरायला मला बोलावलं होतं. प्रोग्रॅम चढवला, फाइली आणल्या, आणि त्या पट्टीकडे वळणार एवढ्यात मालकांनी माझा खांदा धरला. “आता बाजूला हो. पहिली टिचकी बाईंची.”

काचेपलीकडे मागांवरची माणसं येऊन उभी राहिली. फिटर दारात. पहिलं लेबल कपडे धुण्याच्या खुणेचं होतं: पाण्याचा टब आणि त्यात बुडवलेला हात.

टिक. टिक.

पांढरा.

टिक. टिक.

“मी हात लावलेला नाही हां,” फिटर घाईने म्हणाला.

कुणी हसलं नाही. मालक पडद्याकडे पाहत होते. “नवासुद्धा अडतो?” मग त्यांची नजर खाली आली आणि तिच्या बोटावर येऊन थांबली. “सेटिंग राहिलंय,” म्हणत मी पुढे झालो.

“थांब,” मावशी म्हणाली.

तिने स्वतः सेटिंग उघडलं. कुठे शोधलं नाही, अडखळली नाही. माउसच्या पानावर गेली, पट्टीवरची खूण पकडली आणि ‘सावकाश’कडे ओढत नेली. फोल्डरवर टिक, टिक. उघडलं. टिक, टिक. मिटलं. मग खुर्ची वळवून बसली.

“मालक, अंगण सरळ आहे. याचं सरळ आहे, त्या जुन्याचंही सरळच होतं. माझं बोट मंदावलंय. नाचता येतं मला अजून, फक्त ताल जरा सावकाश धरावा लागतो. तेवढं याला सांगितलं.”

आणि पुन्हा कामाला लागली.

आधी पाणी भरलं, नागमोडी. मग टबाच्या कडा. मग हात. अंगठा, तळवा, एकेक बोट. एकदाही तिने भरलेला चौकोन पुसला नाही. खोलीतलं कुणी हललं नाही. तिच्या टिचक्यांमधल्या त्या जागेत आम्ही सगळे उभे होतो, यंत्रही उभं होतं, आणि पडद्यावर तो हात बोटाच्या टोकापर्यंत पुरा होत होता.

मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून पाहिलं.

“एक सांगा बाई. मग या नव्यावर मी एवढे पैसे कशाला घातले?”

“दिसायला बरा आहे,” मावशी म्हणाली.

काचेपलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. मालक फिटरकडे वळले. “तोंड काय बघतोस? चढव हे मागावर.” दारातून बाहेर पडता पडता पुन्हा थांबले. “आणि त्या ‘जलद’च्या वाटेला गेलास तर याद राख.”

सगळे पांगल्यावर मी विचारलं, “तुला कधी कळलं?”

“तू ‘साफ केला’ म्हणालास ना, त्याच टिचकीला. जन्मभर धागा वर की खाली एवढंच बघितलंय मी. पळणारं यंत्र वेगळं आणि थांबणारं वेगळं. हे थांबत होतं. तू गेल्यावर शोधत बसले, कुठून थांबतंय ते.”

“बोलली नाहीस.”

“तू कुठे बोललास?” ती ग्लासातलं पाणी प्यायली. “अजून किती उरलीय रे ती पट्टी?”

“आहे थोडी.”

“आणि संपली की?”

“मग माउस नकोच. चौकोन निवडायचा आणि कीबोर्डवरचं एक बटण नुसतं दाबायचं. ते कितीही सावकाश दाबलं तरी चालतं.”

“आणि बटणही दाबवलं नाही तर?”

मी तिचा प्रश्न खिशातल्या वहीत टिपून घेतला.

“शोधून ठेव,” ती म्हणाली. “ज्याने इथपर्यंतचं ठेवलंय, त्याने पुढचंही ठेवलं असेल कुठेतरी.”

आणि तिने पुढचं लेबल उघडलं. टिक. मग ती जागा. मग टिक.