खिसा पाहा आधी

पार्बता गेल्याची खबर मला गोविंदानं दिली, आणि मी त्याच्यावर भरवसा ठेवला नाही. तिथूनच सांगतो, कारण लपवून काही फायदा नाही.

त्या दिवशी मी धान खरेदी केंद्रावर होतो. बायको दोन दिवसांपासून तापानं पडलेली, पण सकाळी पेज प्यायली आणि मलाच म्हणाली, "जा तुमी, नंबर जाईन." म्हणून मी पोत्यांपाशी बसलो होतो. गोविंदा म्हणजे माझ्या शेताला लागून ज्याची धानाची बांधी आहे तो. दुपारी गाडीवर आला, खाली उतरलाही नाही. नुसतं म्हणाला, "चाल, घरी चाल." मी म्हणालो, "कायले? मी उठलो का माह्या जागेवर तुही पोती लावतो, असंच ना?" तो खाली पाहत राहिला. त्याचं ते गप्प राहणंही मला लबाडीचंच वाटलं. मी हललो नाही. शेवटी त्यानं पोत्यावर पडलेला माझा दुपट्टा उचलला, माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "वहिनी गेली गा." तेवढा वेळ ती घरी जमिनीवर उतरवलेली होती आणि मी नंबर राखत बसलो होतो...

मी चौथी शिकलो. काना-मात्रा चुकेल, छापणाऱ्यानं सुधारून घ्यावी. पण माणूस गेल्यावर सगळे चांगलंच लिहितात, त्यावर माझा विश्वास नाही. पार्बता काही देवी नव्हती. भाजीत मीठ जास्त टाकायची आणि कबूल करायची नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती, ती मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. ती स्वतःवर नजर ठेवायची. मी दुसऱ्यांवर ठेवायचो.

लग्न होऊन ती दवनीवाड्याहून आली तेव्हापासून एक पाहत होतो. शेतातून आली, हातपाय धुतले की ती गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे काठावर, जायची. मोहाच्या झाडाखाली थोडा वेळ बसायची आणि मग येऊन चूल पेटवायची. रोज. बाकीच्या बाया पाणी नेतात, बोलत बसतात. ही एकटी. नव्या नवरीनं एकटं तलावावर कायले जावं? एक दिवस मी तिच्या मागं मागं गेलो. बेशरमाच्या झुडपाआड उभा राहिलो. ती कोणाची वाट पाहत नव्हती, रडतही नव्हती. पाण्याकडे तोंड करून बसली होती फक्त. मग मागं न पाहताच म्हणाली, "आले ना मागं मागं? या, बसा. तिथं मुंग्या हायेत."

मी बसलो. विचारलं, "काय करून राहिली?"

"सकाळपासून कोनाले काय बोलली ते पाहून राहिली. सासूबाईले आज उगाच टाकून बोलली मी. त्यायचं काही चुकलं नव्हतं, माही कंबर दुखत होती."

"अन् माह्याबद्दल?"

"तुमचं तुमी पाहा. माह्यापाशी येवढा टाइम नाई."

मला ते खरं वाटलं नाही. माणूस येवढं चालून जाऊन स्वतःचीच चूक पाहतो, हे मला कितीतरी वर्षं पटलं नाही. मला वाटायचं, तिथं बसून ती माझ्याच तक्रारी जमवते.

पुढं एकदा चोरखमाऱ्याच्या धरणाचं पाणी सुटलं होतं. माझी बांधी सकाळी भरली आणि दुपारी पाहतो तर कोरडी, सगळं पाणी गोविंदाच्या बांधीत. मी त्याला भर चौकात पाणीचोर म्हणालो. त्याच्या म्हाताऱ्या बापासमोर. घरी येऊन पार्बताला सांगितलं, तर ती म्हणाली, "खिसा पाहा आधी." हे तिचं नेहमीचं बोलणं होतं. तंबाखूची डबी हरवली की मी घरभर ओरडायचो, कोणी नेली म्हणून, आणि ती बंडीच्या खिशातच सापडायची. त्यावरून सुरू झालेलं. मी म्हणालो, "पाण्याचा अन् खिशाचा काय संबंध?" ती मला धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, घेऊन गेली. पाणी जायला धुऱ्याचं तोंड मोकळं केलेलं होतं आणि तिथं फावडं उभं होतं. माझंच. सकाळी मीच ते तोंड उघडलं होतं आणि चहाच्या नादात बुजवायचं विसरलो होतो. लुगडं खोचून तिनं चिखल ओढला आणि तोंड बुजवलं. गोविंदाकडे मी माफी मागायला गेलो नाही. ती गेली. मला न सांगता. हे मला गोविंदानं आता सांगितलं, तिच्या दहाव्याला.

त्या दहाव्याचंच सांगायचं आहे. आमच्याकडे आदल्या सांजेला, जिथं जीव गेला त्या जागी तांदळाचं पीठ पसरवतात, दिवा ठेवतात आणि वरून टोपलं झाकतात. सकाळी टोपलं काढून पिठावर कोणाचं पाऊल उमटलं ते पाहतात. माणूस कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणे. सकाळी टोपलं उचललं, तर पिठावर तीन बारीक खुणा. बाया म्हणाल्या, "चिमनी झाली वं पार्बता." साऱ्यांचे डोळे भरले. मी खुणा पाहिल्या आणि माझं डोकं फिरलं. आमची सून शीला त्या जागेपाशीच उभी होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हे तुहे धंदे होय. म्हाताऱ्याले बरं वाटावं म्हनून बोटं उमटवली. मेलेल्या माणसासोबत नाटक करतं?" ती पदर तोंडाला लावून आत गेली. मुलगा माझ्याकडे असं पाहत होता की आता याला कुठं ठेवावं.

चार दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. ताट समोर यायचं, आवाज यायचा नाही. पाचव्या दिवशी तंबाखूची तलफ आली, डबी सापडेना. तोंड उघडलं होतं मी, "कोनी नेली" म्हणायला... आणि थांबलो. खुंटीवर दहाव्यापासून न घातलेली बंडी होती. खिशात हात घातला. डबी होती. डबीच्या झाकणावर पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. खिशाच्या शिवणीतही तेच. तांदळाचं पीठ.

मग सगळं आठवलं. त्या सांजेला सगळे अंगणात असताना मीच टोपलं उचललं होतं. घरच्यांनी दिव्यात तेल पुरेसं टाकलं की हात आखडता घेतला, ते पाहायला. वाकताना तोल गेला आणि बोटं पिठावर टेकली. हात खिशात पुसला. टोपलं झाकलं. विसरलो.

शीला सपरीत, म्हणजे ओसरीवर, तांदूळ पाखडत होती. मी डबी तिच्यासमोर धरली. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मले सकाळीच दिसलं होतं, मामाजी. मधली खूण आखूड होती." माझ्या मधल्या बोटाचं पेर मळणीच्या मशीनमध्ये गेलं आहे.

"मंग बोलली काऊन नाई? येवढ्या लोकायसमोर मी तुले..."

"आत्याबाई सांगून गेल्या होत्या." सासूला ती आत्याबाई म्हणायची. " म्हने, त्यायले त्यायची चूक दाखवायले जाशीन तं भांडतीन. त्यायची त्यायले सापडंपर्यंत थांबजो."

"अन् सापडलंच नसतं तं?"

"तं मी भांडली असती," ती म्हणाली. "मी काई आत्याबाई नाई."

मी तिची माफी मागितली. जन्मात पहिल्यांदा मागितली, म्हणून नीट जमली नाही. संध्याकाळी गोविंदाकडेही गेलो. तो म्हणाला, "पानी कवाचंच वाहून गेलं गा, बस." चहा पाजला. साखर कमी होती. मुद्दाम कमी टाकली असेल का, हे मनात आलंच.

आता मी संध्याकाळी पाळीवर जातो. मोहाखाली तिची बसायची जागा गुळगुळीत झाली आहे, तिच्या बाजूला बसतो, तिच्यावर नाही. सकाळपासून कोणाला काय बोललो ते पाहायचा प्रयत्न करतो. पाहता पाहता मन दुसऱ्यांकडेच पळतं. काल तर वाटलं, पार्बता असं काही सांगून गेलीच नसेल. शीलानं ते मनानं रचलं असेल, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून...

आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला. ती बंडी मी अजून धुवायला दिली नाही.