फोन उचलला की ते गावाचं नाव सांगत

आमच्या माडवण्यात कोणी गेलं, की बातमी आधी माडवणे डॉट कॉमवर यायची. दुबईतला मुलगा, बोटीवरचा जावई, डिचोलीला दिलेली लेक, सगळे सकाळी चहाबरोबर ते पान उघडायचे. गुणोबाब गेले त्या सकाळी पानावर नळाच्या पाण्याची वेळ होती, हरवलेल्या वासराचा फोटो होता, आणि त्यांच्या मरणाबद्दल एक अक्षर नव्हतं. टाकणार कोण? टाकणारा माणूसच गेला होता. मला कळलं ते पेडण्याच्या बाजारात, आदल्याच दिवशी त्यांच्या दुकानातून उचललेली पत्रकं वाटताना.

गुणोबाबांचं झेरॉक्सचं दुकान. पूर्वी तिथेच इंटरनेट कॅफे होता, आणि त्या दिवसांत, गिऱ्हाईक नसताना, त्यांनी गावाचं नाव इंटरनेटवर स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं. लोक हसले. गावाचं नाव काय कोण चोरणार? मग विमानतळ आला, शेजारचे डोंगर विकले गेले, आणि नावालाही गिऱ्हाईक आलं. आमच्या सड्यावर, गावावरच्या कातळाच्या पठारावर, बंगले बांधू पाहणाऱ्या कंपनीचा दलाल दुकानात येऊन बसला. मी तिथेच होते. तो समजावून सांगत होता, की नाव लहान आहे, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता येतं, जुनं आहे, आणि माडवणे शोधणाऱ्याला सगळ्यात आधी हेच दिसतं. "काका, तुम्ही सोन्यावर बसला आहात!"

"सोन्यार न्हय रे, स्टुलार बसलां. एक पाय मोडलाय त्याचा," गुणोबाब म्हणाले.

पण गोष्ट गावभर झाली आणि जाणत्यांनी ठरवलं, नाव विकावं का, ग्रामदेवी सातेरीला कौल लावू. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा; उजवी पडली तर देवीचा होकार. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच ठरतं, तर इंटरनेटवरचं नाव का नको? सगळे हात जोडून उभे. उजवी पाकळी पडली... दलालाने तर तिथेच नारळ फोडला. गुणोबाब देवळाच्या पायऱ्या उतरले, चपला घातल्या आणि म्हणाले, "तिचें काळीज व्हड. ती कोणाकच ना म्हणना. ना म्हणपाक तिणें म्हाका दवरला." नाही म्हणायला देवीने म्हणे यांना ठेवलेलं! भटजी चिडले, दलाल चिडला. नाव मात्र दिलं नाही ते नाहीच दिलं.

मला वाटलं, आता हे आपलेच. बंगल्यांविरुद्धचं पत्रक घेऊन मी धावत गेले, म्हटलं, हे पानावर टाका, जग बघतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "बाये, इतकी उद्गारचिन्हं कित्याक? लोक भियेतले." आणि टाकलं नाही! मी भांडले. कंपनी गाव गिळते आहे आणि तुम्ही वासरांचे फोटो लावता? ते शांतपणे म्हणाले, "वासराचा फोटो खरा असतो, म्हणून लोक येतात. तो दलाल म्हणतो ना, नाव लहान, नाव जुनं... मालक म्हणून मी एक सांगतो. इथे आजवर खोटं आलं नाही, फुगवून आलं नाही. तेवढं गेलं की मग नुसती अक्षरं उरली."

त्यांनी एकच ओळ टाकली. रविवारी ग्रामसभा, विषय सड्यावरचे बंगले, घरटी एकाने यावं. माझ्या पत्रकांनी कधी भरली नव्हती अशी पंचायत भरली. माणसं व्हरांड्यात, खिडक्यांत. बंगल्यांना परवानगी देण्याचा ठराव फेटाळला गेला. मला आजही वाटतं, त्यांनी पत्रक टाकायला हवं होतं. गावावर घाला येतो तेव्हा ओरडावंच लागतं. पण त्या रविवारी माणसं माझ्या ओरडण्याने आली नव्हती, हे मला कबूल आहे.

असं नाव कायमचं कोणाचंच नसतं. मुदत संपण्याआधी पुन्हा नोंदवावं लागतं. चुकलं, की जो आधी झडप घालील त्याचं. मुदत नेमकी त्यांच्या बाराव्यानंतर संपत होती, आणि हे दलालाला आमच्याआधी ठाऊक होतं! बाराव्याच्या पत्रावळी अजून उचलल्या नव्हत्या, तोवर हा माणूस अंगणात, तोंडावर दुःख आणून. "काकांचा फोन आता कोणाकडे असतो?" नोंदणीचा कोड त्याच फोनवर येणार होता, म्हणून ही चौकशी. लाज कशाशी खातात, हे या लोकांना ठाऊकच नाही.

गुणोबाबांच्या पत्नीने, सुशीलाकाकींनी, त्याला पानभर खीर वाढली आणि फोनचा पत्ता लागू दिला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात बसलो. त्याच मोडक्या स्टुलावर मी, समोर काकी, कोड एकेक आकडा करून मोठ्याने वाचत. नाव राहिलं. मग काकींनी स्वतः, एका बोटाने, नवऱ्याच्या मरणाची बातमी टाकली. दोन ओळी, एकही विशेषण नाही. मी सुचवलं होतं, काकींनी खोडलं.

गुणोबाबांचा फोन अजून काउंटरवर चार्जिंगला असतो. ते फोन उचलून कधी हॅलो म्हणाले नाहीत. गावाचं नाव घ्यायचे आणि थांबायचे. परवा मी तिथे असताना फोन वाजला. स्क्रीनवर दलालाचा नंबर. मी हात पुढे केला, माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. काकींनी माझा हात बाजूला सारला, पदराने फोन पुसला, कानाला लावला.

"माडवणे," त्या म्हणाल्या... आणि थांबल्या.