पाच घरं आणि कानातली बाई

माझा देवावर विश्वास आहे की नाही, हा प्रश्न नोकरीत असताना मी पुढं ढकलत गेलो आणि निवृत्तीनंतर त्याला हात लावायचा राहून गेला. देव्हाऱ्यातली पूजा बायकोनं करायची आणि नैवेद्य मी खायचा, अशी आमची वाटणी होती आणि तिच्याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती. यंदा संक्रांतीनंतर बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला तो हळूहळू सावरला, पण वाचा गेली ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, पण कधी ते सांगता येत नाही. मग बोलण्याचे व्यायाम सुरू झाले. आमच्या कळंबच्या घरात अडतीस वर्षं पहाटे साडेपाचला सुरू होणारा आवाज तीन महिने बंद होता. त्याच आवाजाला मी कितीदा "पुरे आता" म्हटलं होतं, ते आता रोज आठवायचं.

मंगळवार किंवा शुक्रवार आला की ती अस्वस्थ व्हायची. डाव्या हातानं देव्हाऱ्यातल्या परडीकडं बोट करायची, काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि आवाज फुटला नाही की डोळे मिटून घ्यायची. परडी म्हणजे कवड्या लावलेली वेताची छोटी टोपली, आई भवानीच्या नावानं पाच घरी जोगवा मागताना हातात घ्यायची. ती बोट कशासाठी करते, हे मला चांगलं ठाऊक होतं, असं मला वाटत होतं. बारा वर्षांपूर्वी माझी कावीळ विकोपाला गेली होती, तेव्हा तिनं नवस बोलला होता, की हे उठून बसले तर तुळजापुरात पाच घरं जोगवा मागीन. मी उठून बसलो आणि पहिलं काम केलं ते तिला अडवण्याचं. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून, आणि माझी बायको अनवाणी, हातात परडी घेऊन लोकांच्या दारात उभी राहणार? नवस तिथंच राहिला. आता तिची वाचा गेल्यावर ती परडी माझ्याकडं बघायला लागली. विश्वास नव्हता, पण भीती होती. अर्धवट माणसाचं असंच असतं.

शेवटी मी ठरवलं, की तिच्याऐवजी आपणच जाऊन जोगवा मागावा. अडचण एवढीच, की मला कुणाकडं काही मागता येत नाही. साधा रस्तासुद्धा विचारता येत नाही. एकदा मी भूमच्या लग्नाला निघालो आणि वाशीला दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात जेवून, नवरा-नवरीला आशीर्वाद देऊन परत आलो, पण वाटेत कुणाला विचारलं नाही. पुण्याची लेक आईजवळ राहायला आली होती. तिनं माझा हा स्वभाव ओळखून फोनमध्ये जुन्या तुळजापुराची ऐकत ऐकत फिरायची सहल घालून दिली. अकरा थांबे. आपलं आपण चालायचं, कानात एक बाई सांगत राहते, इथं वळा, तिथं थांबा, वर बघा. "बाबा, माणसांना तुम्ही विचारणार नाही, निदान हिचं तरी ऐका," लेक म्हणाली.

ही बाई मला फार सोयीची वाटली. कानात वायर अडकवली की माणूस पर्यटक दिसतो. मग त्याच्या हातात परडी असली तरी लोक हौस समजतील, म्हातारा फोटो काढायला फिरतोय म्हणतील. थांब्यांच्या मधल्या गल्ल्यांत पाच दारं बघून हळूच पुटपुटायचं, पीठ घ्यायचं आणि संध्याकाळच्या आत कळंब गाठायचं, असा माझा बेत. तुळजापुरात आमचे पिढीजात पुजारी आहेत, त्यांच्या वहीत आमच्या घराण्याची नावं आहेत. गेलं की आधी त्यांच्या घरी टेकायचं, ही आमच्याकडची रीत. मी ती मुद्दाम मोडली. लग्नानंतर जोडीनं गेलो होतो त्यानंतर मी त्या घराकडं फिरकलो नव्हतो, आणि आता जोगव्यासाठी उगवलो तर सगळं सांगावं लागलं असतं.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं उतरलो. महाद्वाराशी सहल सुरू केली आणि सुरुवातीलाच बटण दोनदा दाबलं गेलं. त्यामुळं बाई माझ्या एक थांबा पुढं गेली आणि मी मागं राहिलो, हे मला बराच वेळ कळलं नाही. "समोरच्या या पायऱ्या पाहा," बाई भारावून सांगत होती, "सगळ्या तीर्थांचं पाणी इथं एकत्र येतं, अशी श्रद्धा आहे." मी समोर पाहिलं. रसवंती होती. पूर्वीचं तीर्थ बुजवून वर रसवंती उठवली असेल, असं समजून मला हळहळ वाटली आणि मी हात जोडले. रसवाल्यानंही हात जोडले. "किती गिलास, काका?" नाही म्हणणं जमलं नाही. एक गिलास प्यायलो आणि पुढं निघालो.

पहिलं दार मी अर्धा तास हेरलं. रंग दिलेलं लोखंडी फाटक, आत तुळस, बाहेर कुणी नाही. पिशवीतून परडी काढली, इकडंतिकडं बघितलं आणि अगदी दबक्या आवाजात म्हटलं, "आई राजा उदे उदे, जोगवा द्या माय." म्हणजे मला तरी तो दबका वाटला. कानात बाई पूर्ण जोरात वेशीचा इतिहास सांगत होती, त्यामुळं स्वतःचा आवाज मला ऐकू येत नव्हता. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली, तीन घरांची दारं उघडली आणि ज्या दारात मी उभा होतो तिथली बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन धावतच बाहेर आली.

तिचे ओठ हलत होते. मी वायर काढली.

"काका, अंगात आलंय का तुमच्या?"

"न्हाय न्हाय, जोगवा..."

"मग एवढं वरडायचं कशाला? आमी काय बहिरे हाव?" ती हसायला लागली. शेजारची म्हणाली, "अगं, पायात चपला हायेत की त्यांच्या. नवीन दिसतेत." तेव्हा माझ्या लक्षात आलं. जोगवा अनवाणी मागायचा, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. चपला काढल्या, पिशवीत घातल्या. तिनं ज्वारीचं पीठ घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि मी गडबडीत तिला "थँक्यू" म्हणालो. ती म्हणाली, "थँक्यू आईला म्हणा." त्या बाईला मी पुन्हा भेटलो तर तोंड लपवीन, पण दिवसातून एकदा तरी तिची आठवण काढतो.

दुसरं आणि तिसरं घर त्यामानानं बरं गेलं. कानातली बाई चालूच ठेवली होती. ती नसली की मी काय करतोय हे मला ऐकू आलं असतं, आणि तेच नको होतं. तिसऱ्या घरानंतर तिनं सांगितलं, "आता डावीकडे वळा आणि..." आणि गप्प झाली. फोन बंद पडला होता. सकाळी एसटीत पिशवीत किल्ली शोधायला बॅटरी लावली होती, ती तशीच चालू राहून खिशातून दिवसभर उजेड पाडत होती. लोक माझ्या छातीकडं का बघतायत, हे मला तोवर कळलं नव्हतं. मी डावीकडं वळलो, आणि पुढं डावीकडं जाणाऱ्या तीन गल्ल्या होत्या. उन्हानं फरशी तापलेली, तळपाय भाजत होते, परडीत तीन घरांचं पीठ, आणि आपण कुठं आहोत याचा पत्ता नाही. दोनदा त्याच पिठाच्या गिरणीसमोर आलो. गिरणीवाल्यानं दुसऱ्यांदा माझ्याकडं आशेनं बघितलं. त्याला वाटलं असावं, दळण परडीतूनच आणलंय.

गल्लीच्या टोकाला एक आजी पायरीवर बसून डाळ निवडत होत्या. ऐंशीच्या तरी असतील. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "मी वाट चुकलोय. जरा सांगता का?"

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "सकाळधरनं पेठंत वरडतंय ते तुमीच व्हय?"

"व्हय."

"कुणासाठी मागताय?"

हा प्रश्न आधीच्या तीन घरांनी विचारला असेल, तर मला ऐकू आला नव्हता. आता कान उघडे होते. मी सांगितलं. मंडळी तीन महिने बोलत नाहीत, हे वाक्य मी त्याआधी मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांकडं लेक बोलायची, पाहुण्यांना मी "बरी आहे" म्हणायचो. आजींचा डाळ निवडणारा हात थांबला. त्या म्हणाल्या, "त्यान्ला बोलता येईना म्हणून त्यांच्या वाटचं तुमी वरडताय, आसं हाय तर." त्यात थट्टा होती की नव्हती, मला आजही सांगता येत नाही. मी पायरीवर बसलो. पाय भाजले होते म्हणून बसलो, असं मी पुढं लेकीला सांगितलं.

पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवून आजींनी तुळजापुरात पहिल्यांदा विचारतात ते विचारलं, गाव कुठलं, आडनाव काय. मी सांगितलं. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "आता गं बया! म्हंजी तुमी आमच्याच वहीतले की!" ज्या घराकडं फिरकायचं नाही म्हणून मी सकाळपासून वाकड्या वाटेनं हिंडत होतो, त्याच घराच्या पायरीवर मी बसलो होतो. जुनं कौलारू घर जाऊन तिथं स्लॅबचं उठलं होतं, म्हणून मला ओळखू आलं नाही.

"यंदा का आल्या न्हाईत म्हणलं त्या," आजी म्हणाल्या. "दरसाल येत्यात. नळदुर्गला बहिणीकडं जाताना मधी उतरत्यात, चपला हितंच काढत्यात, पाच घरं करत्यात, आईला दाखवत्यात आन् दुपारची गाडी धरत्यात. धा-बारा वरसं झाली."

"कशाचा जोगवा?"

"मालकाच्या जिवाचा, म्हणायच्या. तुमालाच ठाव न्हाय?"

मला ठाव नव्हतं. दर उन्हाळ्यात ती नळदुर्गला जायची आणि येताना बहिणीकडची ज्वारी चांगली म्हणून थोडं पीठ आणायची. त्या पिठाच्या भाकरीची मी दरवर्षी तोंड भरून स्तुती केली होती. चौथी भाकरी मागून घेतली होती. मला मागता येत नाही, ही माझी समजूत होती. ते माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी करत होतं आणि मी नुसता जेवत होतो. परडीकडं बोट करून ती जुना नवस फेडायला सांगत नव्हती. यंदाचा जोगवा चुकतोय, माझ्या जिवाचा, ही तिची काळजी होती. स्वतःची वाचा गेलेली बाई.

चौथ्या घरचं पीठ आजींनी घातलं. पाचव्यासाठी शेजारच्या दाराकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "आता वायरबियर न्हाय. तुमचं तुमी मागा." मी उभा राहिलो. आवाज निघाला तो इतका बारीक, की मला माझाच वाटला नाही. दार उघडलं. मी झोळी पसरतात तशी परडी पुढं केली आणि मला लाज वाटली नाही, एवढंच सांगतो. नंतर आईसमोर रांगेतून गेलो. काय मागायचं ते घोकून ठेवलं होतं, गाभाऱ्यापाशी आल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. नुसती परडी वर धरली. मागच्या माणसानं पुढं ढकललं आणि मी बाहेर आलो. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही.

निघताना आजींनी बजावलं होतं, की पीठ मागितलं त्यानंच भाकरी थापायची, लेकीला सांगायचं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात घेऊन बसलो. बायकोला खुर्चीवर समोर बसवलं. पीठ घेतलं, माठातलं पाणी ओतलं आणि मळायला लागलो. पीठ जुळेना. थापायला गेलो की कडा फाटायच्या, उचलायला गेलो की भाकरीचे तीन जिल्हे व्हायचे. लेक दारातून हसत होती. मी चौथ्यांदा गोळा मोडून पुन्हा माठाकडं हात नेला, आणि समोरून आवाज आला.

"ऊन."

लेकीचं हसू थांबलं. मी वळून बघितलं. बायको परातीकडं बघत होती, माझ्याकडं नाही. कपाळाला आठ्या होत्या, अडतीस वर्षांच्या ओळखीच्या. ओठ जुळवून, जोर लावून ती पुन्हा म्हणाली, "ऊन. पाणी."

ज्वारीचं पीठ ऊन पाण्यात मळतात. मी पाणी गरम केलं. हात भाजले, भाकरी जुळली. तिनं अर्धी खाल्ली. डॉक्टर म्हणतात, वाचा येण्याची वेळ झालीच होती, व्यायामाचा गुण आहे. त्यांचं खरंच असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही आणि आईशीही घालत नाही. दोघांचे उपकार मानतो, आणि पायरीवरच्या आजींचे, आणि फाटकातल्या त्या बाईचेही.

अजून ती फार बोलत नाही. दिवसाला आठ-दहा शब्द, त्यातले निम्मे माझ्या चुकांबद्दल. पण रोज सकाळी मी परातीपुढं बसतो आणि विचारतो, "आता काय करू?" उत्तर येईपर्यंत हात थांबवून ठेवतो. पूर्वी मला एवढं थांबता यायचं नाही. हा प्रश्न मी तिला विचारतो की देव्हाऱ्यातल्या आईकडं तोंड करून, हे मात्र मला नीट सांगता येणार नाही; स्वयंपाकघरात दोघी एकाच बाजूला आहेत.