हसू नका, नाच चालू आहे

किस्से काही मी मुद्दाम गोळा करत नाही. मी भित्री आहे, टोस्टरमधून पाव वर आला तरी दचकते. पण शनिवारी सकाळी इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या त्या चर्च हॉलमध्ये जाऊन आलं, की कोटाला मांजराचे केस चिकटावेत तसे किस्से अंगाला चिकटून घरी येतात. कितीही झटका, दोन-चार राहतातच!

हॉलमध्ये किरिबातीचा नाच शिकवतात. किरिबाती म्हणजे पॅसिफिक महासागरातली, मायक्रोनेशियातली, नकाशावर मिरपूड सांडल्यासारखी दिसणारी बेटं. इंग्लंडमध्ये तिथली माणसं इतकी थोडी, की रांग भरायला नागपूरची सॉफ्टवेअर टेस्टरसुद्धा चालते. शिकवतात नेई तेरेतिया. 'नेई' म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. त्या केअर होममध्ये नर्स आहेत आणि त्यांनी नुसतं बघितलं तरी तिथले खडूस आजोबा गपचूप सूप पितात.

*

मी तिथे गेले ती किल्ली द्यायला. माझी फ्लॅटमेट मारिया ही नेईंची भाची, ती किल्ली घरी विसरली होती. मी दार ढकललं आणि त्याच क्षणी कोणीतरी भल्या मोठ्या लाकडी खोक्यावर धाडकन थाप मारली. तोच त्यांचा ढोल! माझी मान खाड्कन डावीकडे वळली आणि हात आपोआप पसरले.

सगळे थांबले. मी म्हटलं, "सॉरी, सॉरी!"

नेई पुढे आल्या. "पुन्हा कर."

"काय?"

"ते मानेचं."

त्यांच्या नाचात समुद्रावरचा फ्रिगेट पक्षी असतो. पसरलेले हात म्हणजे त्याचे पंख आणि तो अशीच झटक्यात मान वळवतो. नेई मुलींकडे वळून म्हणाल्या, "बघा! तुम्हाला शिकवून माझे केस पिकले, आणि ही जन्मतःच घेऊन आलीय!"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दचकण्याचं कोणीतरी कौतुक केलं!

*

मान जमली, तोंड जमेना. घाबरले की मला हसू येतं. आनंदाचं नाही, नुसतंच ओठ फाकतात. आणि या नाचात हसायचं नसतं. हसणं म्हणजे थिल्लरपणा!

तशी हसण्याबद्दल मला आजवर एकच शिकवण मिळालेली. मॅनेजर म्हणतो, "कॉलवर जरा स्माइल ठेव." आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, "हसत जा ना बाप्पा जरा! फोटोत अशी दिसतेस, जशी चौकीत बसवलीय. स्थळं काय म्हणतील?"

नेईंनी ढोल थांबवला आणि माझ्यासमोर येऊन शांतपणे विचारलं, "काय विकतेस?"

"मी? काही नाही."

"मग दात कशाला दाखवतेस?"

*

एकदा माझा नाच बरा झाला. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या मानेवर गार, भुसभुशीत काहीतरी ओतलं. मी किंचाळले! बघते तर नेई, हातात टाल्कम पावडरचा डबा. नाच आवडला, की बघणारे उठून नाचणाऱ्याच्या मानेवर पावडर टाकतात, अशी त्यांच्याकडची पद्धत. मी मात्र पुढचा पाऊण तास शिंकत होते.

घरी येऊन आईला दाखवलं. ती कॅमेऱ्यात डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईला तू कॅरम बोर्ड वाटलीस काय गं?"

*

त्यांच्यात 'बुबुती' म्हणून एक प्रकार आहे. नात्यातल्या माणसाने 'बुबुती' म्हणून काही मागितलं, की नाही म्हणता येत नाही. संपलं!

भर पावसात नेईंनी माझ्या नव्या हिरव्या रेनकोटवर हात ठेवला. "बुबुती."

मी दिला. नाही म्हणायची मला कुठे सवय! बसस्टॉपवर निथळत उभी असताना मारियावर चिडले, "हे काय? मी काय त्यांच्या नात्यातली आहे?"

"तेच तर," मारिया म्हणाली. "परक्याकडे कोणी बुबुती करत नाही."

समोरून बस निघून गेली, तरी मी तशीच उभी.

*

मग आली समर फेअर, इथली उन्हाळी जत्रा. नेईंच्या आईने रचलेलं एक गाणं आहे, त्यांच्या गावाचं. त्या गावात आता भरतीचं पाणी घराघरात शिरतं. त्यांची आई आता नाही. ते गाणं एकदा तरी इथे, उघड्यावर, पूर्ण नाचून व्हावं एवढंच नेईंना हवं होतं.

फेअरचे कार्यक्रम ठरवणारी डेबी तालीम बघायला आली. म्हणाली, "लव्हली! पण सगळ्या जणी मयताला आल्यासारख्या का दिसताय? लोक आइस्क्रीम खात असतात हो!" मग तिचं बोट माझ्याकडे वळलं. मी अर्थातच घाबरून दात काढून उभी होते. "ही बघा, किती गोड हसते! हिला पुढे, मधोमध घ्या. मग पूर्ण वेळ तुमचा. नाहीतर दोन मिनिटांत आटपा."

नेई म्हणाल्या, "ठीक आहे."

कार पार्कमध्ये मला रडू फुटलं. "मला काढून टाका. मी पुढे राहिले तर तुमच्या आईचं गाणं माझ्या दातांपायी वाया जाईल."

नेईंच्या अंगात माझाच रेनकोट होता. त्यांनी माझ्या हनुवटीला बोट लावलं.

"बुबुती. ते हसू मला दे."

*

फेअरच्या वेळी आई नागपूरहून आलेली. पहिल्याच रांगेत बसली, मांडीवर पर्स, पर्समध्ये घामोळ्यांच्या पावडरचा डबा. इंग्लंडमध्ये घामोळं येत नाही हे तिला विमानतळापासून सांगत होते.

खोक्यावर थाप पडली. मी हात पसरले. मागे नेई आपल्या आईचं गाणं गात होत्या. समोर आइस्क्रीम हातात घेतलेले लोक चाटायचं विसरले होते. माझे ओठ फाकणार एवढ्यात आठवलं, ते आता माझं नाही. देऊन टाकलंय.

स्टेजखाली डेबी दोन्ही गालांवर बोटं ठेवून ओठ ताणून दाखवत होती. "स्माइल, लव्ह! स्माइल!"

मी मान फिरवली. झटक्यात, फ्रिगेटसारखी.

तेवढ्यात आई उठली. साडी सावरत सरळ स्टेजवर आली आणि माझ्या मानेवर अख्खा डबा उपडा केला. मी दचकले नाही.

ती खाली उतरत होती, तर डेबीने तिला गाठलं. "तुम्ही आई ना हिच्या? तुमचं ऐकेल ती. तिला जरा हसायला सांगा ना!"

आईने डब्याचं झाकण लावलं. हातावरची पावडर झटकली. आणि आपल्या नागपुरी इंग्लिशमध्ये म्हणाली,

"मॅडम, यू स्माइल. शी इज वर्किंग."