व्याह्यांच्या गाडीचं मागचं डावं चाक

माझा धाकटा दीर जुमादिल याच्याइतका संशयी माणूस अख्ख्या कारा-बाल्ता गावात दुसरा नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही. दुकानातून पाव आणला तर उलटा करून खालून बघेल. डॉक्टरनं गोळी दिली तर डॉक्टरलाच विचारेल, "तुम्ही स्वतः घेता का ही?" त्याच्या बायकोनं, बिचारी आता नाही, दहा वर्षं हे सोसलं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ती माझ्याजवळ येऊन रडली होती. "जाऊबाई, हे माझ्याकडे असे रोखून का बघतात?" मी म्हटलं, "तो सगळ्यांकडेच तसा बघतो गं. तू काय आणि गाडीचं चाक काय, त्याला सारखंच."

चाकाच्या बाबतीत मात्र हाच स्वभाव लोकांना हवा असतो. जुमादिल इंजिनाला हात लावत नाही, रंगकाम करत नाही. ब्रेक आणि चाकं, बस्स. त्याच्या शेडमध्ये बहुतेक करून मोठ्या, जुन्या जर्मन गाड्या येतात. तिकडच्या कुणा साहेबानं वीस वर्षं वापरून दमवलेल्या, मग रंग फासून इकडे पाठवलेल्या. आत मऊ कातडी सीटा, गाण्यांचे आठ-आठ भोंगे, आणि चाकाच्या मागे गंज. मालक मिरवत आत येतो, "मी आजच ब्रेक दाबून बघितलाय, एक नंबर आहे." जुमादिल ऐकून घेतो आणि गाडी उचलतो.

आधी गाडी गावाबाहेर पळवून आणायला लावतो. मग एकेका चाकाला हाताची उलटी बाजू लावून ऊब बघतो. एक चाक जास्त तापलं तर तिथला ब्रेक चिकटतोय, एक थंड राहिलं तर तिथला लागतच नाहीये. मग चाक काढून पॅडची जाडी मोजायची, डिस्कवर नख फिरवायचं, ब्रेक ऑइल बोटावर घेऊन उजेडात धरायचं. जुन्या ऑइलमध्ये पाणी मुरतं आणि लांब उतारावर ते उकळतं. मग पेडल पार खाली जातं आणि पायाखाली काहीच उरत नाही. शेवटी चाक बसवून पाचही बोल्ट एका लांब पान्यानं आवळायचे. पुरेसं आवळलं की तो पाना 'कट्' असा वाजतो. एका चाकाचे पाच कट्. रात्री जेवताना जुमादिल दिवसभराचे कट् मनात मोजतो, मग घास घेतो. आम्ही त्याची थट्टा करायचो.

मी जरा कमी करायचे. कारण हे सगळं सुरू झालं ते माझ्या नवऱ्यामुळे. तो डोंगरापलीकडच्या तालासची बस चालवायचा. तो-आशू घाटाच्या बोगद्यातून पलीकडे उतरताना त्याच्या पायाखालचं पेडल रिकामं गेलं. आदल्या दिवशी ज्या मेकॅनिकनं "सगळं ठीक आहे" म्हणून सांगितलं होतं, तो मातीला आला होता, रडलाही होता. जुमादिल तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यानंतर त्यानं कुणाच्याही "सगळं ठीक आहे" वर विश्वास ठेवला नाही. मला त्याचा राग येतो, वैतागही येतो, पण त्याला हसायचा हक्क मला नाही.

त्याची एकुलती एक मुलगी जिपार. आई गेल्यावर शेडमध्येच वाढली, बाहुल्यांऐवजी बोल्टांशी खेळली. तिचं तालासच्या एर्मेकशी जुळलं. पोरगा चांगला, शेतीचं शिकलेला. त्याचे वडील एसेनकुल घेवड्याची शेती करणारे, अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. सप्टेंबरात घेवडा निघाला आणि मुलीला न्यायचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी तालासहून तीन गाड्या आल्या. पुढे एसेनकुलची काळी, भली थोरली जर्मन गाडी. त्या जातीच्या गाडीला आमच्याकडे 'रानडुक्कर' म्हणतात. अठ्ठावीस वर्षं वयाची. आरशात तोंड बघावं अशी चमकत होती, तिच्यावर फिती बांधलेल्या. व्याही स्वतः चालवत आले होते आणि जिपारला याच गाडीतून घाट ओलांडून नेणार होते.

"नवरीसारखी जपतो हिला!" उतरताच व्याही गरजले आणि त्यांनी जुमादिलला मिठी मारली. मी समोर उभी होते. व्याह्याच्या खांद्यावरून जुमादिलचे डोळे कुठे गेले ते मला दिसलं.

पाचच मिनिटांत त्यानं मला चुलीमागे गाठलं.

"वहिनी, मागच्या डाव्या चाकावर काळी भुकटी नाही."

"मग?"

"तीन चाकांवर आहे. ब्रेक लागला की पॅड झिजतो, भुकटी उडते. त्या चाकाचा ब्रेक लागतच नाही. माझी पोर त्यात बसून तो-आशू उतरणार."

"मग विचार त्यांना."

"विचारू? व्याह्याला?"

व्याह्याच्या घोड्याचा खूर उचलून बघायचा नाही, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. घोडे गेले, गाड्या आल्या, नियम तोच. मुलगी देताना त्याच्या गाडीचं चाक खोलणं म्हणजे "तुझ्यावर माझा भरवसा नाही" असं भर अंगणात ओरडून सांगणं. सोयरीक तिथल्या तिथे मोडली असती, आणि नसती मोडली तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

"मला अर्धा तास हवाय," जुमादिल म्हणाला. "सगळे आत पाहिजेत. कुणी उठता कामा नये."

आता नवरीच्या काकूनं व्याह्यांची खोडी काढायची हा माझा मानच आहे. काही घरांत त्यांना बायकांचे कपडे नेसवतात, काही ठिकाणी अंगावर पाणी ओततात. मी सुई-दोरा घेतला. मानाचं मेंढ्याचं डोकं व्याह्यांपुढे ठेवलं, कुमिसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे भरले, आणि वाढण्याच्या निमित्तानं मागून जाऊन व्याही आणि त्यांच्यासोबत आलेले दोघे पुरुष, अशा तिघांच्या नव्या चापानांची, म्हणजे लांब अंगरख्यांची, टोकं खालच्या गाद्यांना शिवून टाकली. दुहेरी दोऱ्यानं. एरवी मी चार टाके घालते, त्या दिवशी वीस घातले.

खिडकीतून मला शेडच्या मागे उभी केलेली गाडी दिसत होती, आणि तिच्याखालून बाहेर आलेले जुमादिलचे सणाचे बूट. दुसऱ्या खोलीच्या खिडकीत मैत्रिणींच्या घोळक्यात जिपार बसली होती. तिलाही तेच दिसत असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यानं मागचं डावं चाक काढलं. पॅड नवे. डिस्क गुळगुळीत. ऑइल मधासारखं स्वच्छ. माणसानं इथे थांबावं की नाही? चाक बसवलं, पाच कट्. मग उजवं काढलं, तेही तसंच. पाच कट्. पुढची दोन आऱ्यांमधून बॅटरी मारून बघितली. सगळं नवंकोरं. दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानून हात धुवायला गेला असता. पण जुमादिलला काही सापडलं नाही की तो आणखी घाबरतो. त्यानं मागचं डावं चाक पुन्हा खोललं.

इकडे व्याही पाय मोकळे करायला उठले आणि गादीसकट उठले! बायका हसून हसून लोळल्या. एसेनकुलही पोट धरून हसले, खेचून दोरा तोडला आणि म्हणाले, "इतकं धरून ठेवताय म्हणजे मुलगी द्यायची नाही वाटतं! चला, वाट लांब आहे. आशीर्वाद द्या, निघतो."

झालं. आशीर्वादासाठी वडीलधाऱ्यानं हात उचलले की जो जिथे असेल तिथे काम टाकून ओंजळ धरतो. आणि त्यानंतर कुणी बसत नाही, खात नाही, थेट निघायचं. शेजारीण दारातून ओरडली, "जुमादिल! आशीर्वाद!" नवरीच्या बापाशिवाय तो होणार कसा? तो धावत आला, हात चापानाच्या बाह्यांत लपवून. लोकांना वाटलं, रडतोय म्हणून धापा टाकतोय. रडतही होता म्हणा. मग जिपार बाहेर आली, डोक्यावर पांढरा रुमाल, आणि बापाच्या गळ्यात पडली. एर्मेक आणि व्याही गाडीत बसले, तीही बसली, गाड्या निघाल्या.

वीस मिनिटांनी आम्ही भांडी आवरत होतो. जुमादिल नळाखाली हात धूत होता, ओठ हलत होते. मी जवळून जाताना ऐकलं, "डावं पाच. उजवं पाच. मग पुन्हा डावं..." आणि तो थांबला. पाणी नुसतं वाहत राहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "दुसऱ्यांदा मी कट् ऐकलेच नाहीत. बोल्ट फक्त बोटानं बसवले, गाडी खाली घेतली आणि हाक आली म्हणून धावलो."

मला माझ्या नवऱ्याची बस आठवली. आणखी काही आठवायची गरज नव्हती.

जिपारचा फोन सामानाच्या गाडीत. व्याह्यांच्या गाडीत गाणी चालू, कोण उचलणार? आम्ही जुमादिलच्या झिगुली मोटारीत बसलो. वाटेत मीच बोलत होते, आणि काय बोलत होते ते मला आठवत नाही. बहुधा त्याला शिव्या देत होते. तीस वर्षं जगावर संशय घेतलास, मेल्या, एकदा स्वतःच्या हातावर घेतला असतास तर!

टोलनाक्याच्या अलीकडे, मध विकणाऱ्यांच्या रांगेपाशी रानडुक्कर उभं होतं. चारही चाकांवर. मी देवाचं नाव घेतलं आणि मग बघितलं की बाजूला व्याही लालबुंद होऊन उभे आहेत, एर्मेक मान खाली घालून, आणि जिपार मागच्या चाकाशी उकिडवी बसलेली, हातात पाना, पांढऱ्या रुमालाला ग्रीसचे डाग.

"बरं झालं आलात, व्याही!" एसेनकुल ओरडले. "लेकीचा पराक्रम ऐका! मागून टकटक आवाज येतोय म्हणे, गाडी थांबवा. मी म्हटलं, नवरीची गाडी वाटेत थांबत नसते. तर चालत्या गाडीचं दार उघडायला निघाली! उतरून बघते तर पाचही बोल्ट बोटानं फिरतायत. आणि म्हणते काय? 'मामंजी, सकाळी मीच चाक खोललं होतं, तपासायला.' अहो, माझ्या घरात पाय टाकायच्या आधीच माझ्यावर संशय? असली सून?"

जिपारनं बापाकडे बघितलं आणि कुणाला कळणार नाही अशी मान हलवली. गप्प बसा, असं. तिनं आवाज ऐकला तेव्हाच ते बूट आठवून सगळं ओळखलं होतं, आणि बापाची चूक स्वतःच्या पदरात घेऊन मोकळी झाली होती. तो गप्प बसला असता तर मी त्याला दोष दिला नसता. सोयरीक टिकली असती, पोरीच्या कपाळावर एवढा एक डाग राहिला असता, काळानं फिका झाला असता.

"ती खोटं बोलतेय," जुमादिल म्हणाला. "मी खोललं. दोनदा."

"कधी?"

"तुम्ही आत जेवत होता तेव्हा."

"म्हणजे मी तुमचा मेंढा खातोय आणि तुम्ही माझ्या गाडीखाली?" आता व्याह्यांचा आवाज एकदम खाली आला होता आणि मला त्याचीच भीती वाटली. "आणि मला गादीला शिवलं ते?"

"त्यासाठीच," मी म्हटलं. लपवून काय करायचं होतं?

"मग सापडलं काय?"

"काही नाही. सगळं नवं. माझ्या शेडमध्ये येणाऱ्या एकाही गाडीचं इतकं नीट नसतं. त्या चाकावर भुकटी नव्हती म्हणून..."

"सकाळी वाटेत पंक्चर झालं, स्टेपनी लावली! विचारलं असतंत तर सांगितलं असतं!"

"विचारता येत नव्हतं, व्याही." जुमादिल म्हणाला. "भाऊ गेला माझा याच घाटात. तुमच्यात खोट नव्हती. खोट माझ्या हातात निघाली."

एसेनकुल सुनेकडे वळले. "म्हणजे पहिल्याच दिवशी तू माझ्याशी खोटं बोललीस."

जिपार उभी राहिली. "हो, मामंजी. बापासाठी बोलले. उद्या कुणी तुमच्यावर बोट ठेवलं तर तुमच्यासाठीही बोलेन."

व्याही गाडीभोवती एक फेरी मारून आले, मग रस्त्याकडेच्या दगडावर, नव्या कपड्यांनिशी, जड अंगानं बसले.

"जुमादिल, तो पाना घ्या."

"तिनं आवळलेत, व्याही. तिला येतं."

"येतं हो, दिसतंय मला. तरी घ्या. चारही चाकं खोला, माझ्या डोळ्यांदेखत. अंधार पडला तरी पडू दे, आम्ही थांबतो. आता या गाडीत माझीही मुलगी बसणार आहे."

जुमादिल मागच्या डाव्या चाकाशी गुडघ्यांवर बसला. दोनदा लावला तरी पाना बोल्टवर बसेना, तेव्हा जिपारनं तो धरून बसवून दिला.